जूनचे बूट पोळ्यापर्यंत: शालेय पादत्राणे आणि ग्राहकाचा कायदा

प्रश्न नेमका कोणता

मराठवाड्यातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि पाऊसही साधारण त्याच सुमारास येतो, त्यामुळे नवे बूट पहिल्या पंधरवड्यातच काळ्या मातीच्या चिखलात उतरतात. लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडच्या वजिराबादेत आणि उदगीर, अहमदपूर, देगलूर, मुखेड अशा तालुक्याच्या बाजारांत तो शाळेच्या काळ्या बुटांचा हंगाम असतो. घेतलेला जोड एप्रिलच्या परीक्षेपर्यंत जावा, एवढीच पालकाची अपेक्षा असते. तो पोळ्याच्या आतच चवड्यापाशी चिरला किंवा त्याचा सोल सुटला, तर दुकानात मिळणारे उत्तर ठरलेले असते: बुटाला गॅरंटी नसते. या उत्तराला कायद्याचा आधार आहे का, नसेल तर पालकाला काय करता येते, आणि जिथे बूट पालकाने विकत घेतलेलाच नाही तिथे कोणाचा हक्क धरायचा, अशा तीन प्रश्नांभोवती ही चर्चा फिरते. पहिल्याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. दुसरा प्रश्न पुराव्यापाशी अडतो. तिसऱ्याची चर्चा फारशी होत नाही, आणि नांदेड-लातूरच्या खेड्यांपाड्यांतल्या मुलांचा संबंध सर्वाधिक येतो तो त्याच्याशीच.

विषय क्षुल्लक वाटण्याचा धोका आहे. तीनशे-चारशे रुपयांच्या जोडावर कायद्याची कलमे खर्च करावीत का, असे कोणी विचारील. पण ग्राहक कायदा मोटार घेणाऱ्यापेक्षा अशाच खरेदीसाठी लिहिला गेला: रक्कम लहान, विक्रेता जाणकार, घेणाऱ्याला माल तपासता येत नाही, आणि फसगत झाली तरी वकील लावणे परवडत नाही. शाळेच्या बुटात आणखी एक गोष्ट आहे. ही खरेदी ऐच्छिक नाही. रंग, प्रकार, कधी कधी दुकानसुद्धा शाळा ठरवते, आणि बूट नसला की मुलाला प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला काढले जाते.

कायद्याची वाटचाल

मालाच्या दर्जाची कायदेशीर चौकट ग्राहक कायद्याहून जुनी आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १६ सांगते की, घेणाऱ्याने माल कोणत्या कामासाठी हवा हे विक्रेत्याला कळवले असेल, तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल आणि तसा माल विकणे हाच त्या विक्रेत्याचा धंदा असेल, तर माल त्या कामाला योग्य असावा ही अट न बोलता करारात येते. नांदेड-लातूरचा भाग त्या काळी निजामाच्या राज्यात होता. हा केंद्रीय कायदा या भागाला लागू झाला तो हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर, १९५१ मध्ये. कलम मात्र आजही तसेच आहे आणि शाळेच्या बुटाला ते नेमके बसते. ‘शाळेचे बूट दाखवा’ असे म्हणण्यातच काम कळवले जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. बुटाचे काम किती दिवसांचे, याचा यापेक्षा अधिकृत आकडा मिळणे अवघड. कलम १६ मध्येच एक पळवाट मात्र आहे. घेणाऱ्याने विशिष्ट कंपनीचे नाव घेऊन माल मागितला असेल, तर योग्यतेची ही न बोललेली अट लागू होत नाही. म्हणजे दुकानदाराला ‘तुम्हीच चांगला दाखवा’ म्हणणाऱ्या पालकाची बाजू, जाहिरात पाहून अमुकच जोड मागणाऱ्यापेक्षा या कलमाखाली भक्कम ठरते. सामान्य विक्रीयोग्य दर्जाची अट नाव घेऊन मागितले तरी शिल्लक राहते, एवढा दिलासा.

अशा हक्कासाठी दिवाणी न्यायालयात जाणे परवडणारे नव्हते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि ग्राहकासाठी वेगळा, सोपा, वकिलाविना चालणारा मार्ग हवा हा आग्रह महाराष्ट्रात रुजला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा मंच आले. लोक अजूनही ‘ग्राहक मंच’च म्हणतात, पण २०१९ च्या नव्या कायद्याने त्यांचे नाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग झाले आणि तो कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. बुटाच्या दृष्टीने त्यातले तीन बदल महत्त्वाचे. एक, कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. उदगीरचा माणूस बिदरला आणि धर्माबाद-बिलोलीचा निजामाबादला खरेदीला जातोच. पूर्वी त्याला परराज्यात तक्रार करावी लागली असती, आता लातूर आणि नांदेडचे आयोग चालतात. दोन, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. तीन, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-दाखिल पोर्टलची जागा २०२५ पासून ई-जागृती घेत आहे. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणजे पोळ्याला फाटलेल्या बुटाची तक्रार दिवाळीनंतरही उशिराची ठरत नाही.

दोषाची मूळ व्याख्या या कायद्याच्या कलम २(१०) मध्ये आहे. कायद्याने किंवा कराराने, उघड वा गृहीत, जो दर्जा राखायला हवा किंवा विक्रेत्याने ज्याचा दावा केला, त्यात काही उणीव असेल तर तो ‘दोष’. म्हणजे ‘गॅरंटी नसते’ या उत्तराने दोषाची जबाबदारी संपत नाही. गॅरंटी हे ज्यादाचे वचन आहे आणि ते नसले तरी गृहीत दर्जा शिल्लक राहतो. शिवाय कलम २(४७) ने पावती न देणे आणि सदोष माल परत घेऊन पैसे परत करायला नकार देणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारप्रथांत धरल्या आहेत. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे पावतीवर छापून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. परतीची मुदत पावतीवर लिहिलेली असेल ती, आणि नसेल तर तीस दिवसांची. हे तीस दिवस खरेदीपासून मोजायचे की तक्रारीपासून, यावर कलमाची भाषा मोघम आहे. खरेदीपासून मोजले तर तिसऱ्या महिन्यात सुटलेला सोल या उपकलमात बसत नाही. त्याने तक्रारीचा दरवाजा मात्र बंद होत नाही, कारण दोषाबद्दलची दाद कलम ३९ खाली स्वतंत्रपणे मागता येते आणि आयोग बदली माल, परतावा किंवा भरपाई देऊ शकतो.

नव्या कायद्यात उत्पादक-दायित्वाचे प्रकरण आले, तेव्हा त्याचा गाजावाजा बराच झाला. बुटाच्या झिजेला ते उपयोगाचे नाही. त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूची हानी वगळलेली आहे. सोल सुटल्यामुळे मूल पडले आणि हात मोडला तर ते प्रकरण लागू होईल. नुसता सोल सुटला तर नाही.

बूट कुठून जातो

पुढची चर्चा समजायची तर शाळेचा बूट कसा बनतो हे थोडे पाहायला हवे. स्वस्त जोडाचा वरचा भाग चामड्याचा नसतो; कापडावर पीव्हीसीचा थर दिलेल्या रेक्झिनचा असतो. सोल पीव्हीसी, टीपीआर किंवा पॉलियुरेथेनचा. तो चिकटवलेला, शिवलेला किंवा साच्यात थेट वरच्या भागावर ओतलेला. चालताना सगळा ताण एका रेषेवर येतो, बोटे जिथे वळतात त्या चवड्याच्या घडीवर. पातळ थराचे रेक्झिन तिथेच आडवे चिरते. चिकटवलेला सोल कडेने उघडायला लागतो आणि एकदा पाणी आत शिरले की उरलेला डिंकही सुटतो. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांचा शत्रू वेगळाच आहे. दमट हवेत त्याची रासायनिक साखळी पाण्याच्या अंशाने तुटत जाते आणि न वापरताही सोल भुसभुशीत होऊन त्याचा भुगा पडतो. चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेला आणि त्यानंतर पावसाळ्याची दमट हवा खाल्लेला मागच्या हंगामाचा माल त्यामुळे नवा दिसत असूनही म्हातारा असू शकतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणे पॅकबंद मालाच्या नियमांनी सक्तीचे आहे ते बुटाच्या बाबतीत म्हणूनच कामाचे, आणि पालक नेमके खोके दुकानातच सोडून येतो.

वापराच्या खुणा याहून वेगळ्या असतात. सायकल पायाने थांबवणाऱ्या मुलाच्या बुटाचे टोक घासले जाते. फुटबॉल खेळणाऱ्याचा एकच बूट आधी जातो. टाच दाबून बूट चढवणाऱ्याची मागची बाजू मोडते. उलट दोन्ही पायांचे सोल एकाच जागी, एकाच सुमारास उघडले तर बोट डिंकाकडे किंवा कारखान्याकडे जाते. हा फरक बसस्थानकाजवळ बसणारा गटई कामगार जोड हातात घेताच सांगू शकतो. बूट दोषामुळे गेला की वापरामुळे, या सगळ्या वादाचा गाभा त्याच्या नजरेत आहे. कायद्याच्या प्रक्रियेत त्याला जागा मिळते का, ते पुढे येईलच.

दुकानदाराचे म्हणणे, पालकाचे म्हणणे

विक्रेत्यांचा पहिला मुद्दा किमतीचा. साडेतीनशेच्या जोडाकडून हजाराच्या जोडाचे आयुष्य मागता येत नाही, आणि स्वस्त माल हवा म्हणून गिऱ्हाईकच अडून बसते. दुसरा मुद्दा मुलांचा. बूट ओला करून चुलीजवळ वाळवणे, त्यातच खेळणे, महिनोन् महिने पॉलिश न करणे, यांची जबाबदारी दुकानाने का घ्यावी? तिसरा मुद्दा असा की मुलाचा पाय वाढतोच, वर्षअखेरीस जोड तसाही लहान होतो. चौथा आणि सर्वांत प्रामाणिक मुद्दा साखळीचा: लहान दुकानदार आग्र्याचा किंवा दिल्लीचा माल घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो, आणि तो व्यापारी फुटका माल परत घेत नाही. ग्राहकाला दिलेला परतावा दुकानदाराच्या खिशातून जातो.

यांतला एकही मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण तपासून पाहिले की चारही मुद्दे प्रमाण ठरवतात, हक्क नाकारत नाहीत. कमी किमतीला कमी अपेक्षा हे कायद्यालाही मान्य आहे. गृहीत दर्जा किमतीच्या संदर्भातच पाहिला जातो. मात्र स्वस्तातल्या स्वस्त ‘शाळेच्या बुटा’नेही शाळेत जाणे एवढे तरी केले पाहिजे. जो जोड दोन महिनेच टिकणार हे विक्रेत्याला ठाऊक आहे, तो तसे सांगून विकला तर तक्रारीला जागा उरत नाही. अडचण न सांगण्याची आहे. पाय वाढण्याचा युक्तिवाद तर उलटाच फिरतो: बुटाला सात-आठ वर्षे टिकायचे नसून एकच शैक्षणिक वर्ष काढायचे आहे, म्हणजे मागणी मुळातच माफक आहे. वापराचा मुद्दा खरा आहे, पण तो पुराव्याचा प्रश्न झाला. आणि साखळीबद्दल बोलायचे तर तक्रारीत उत्पादकालाही सामील करता येते, फक्त त्याचे नाव-पत्ता असलेले खोके हवे. आठवडी बाजारात गोणपाटावर ढीग लावून विकलेल्या जोडाला ना खोके असते ना पावती. तिथे हक्क कागदावर तसाच राहतो आणि धरायचे कोणाला हेच कळत नाही.

पावतीची गोष्टही सरळ नाही. जीएसटीखाली नोंदलेल्या दुकानाला दोनशे रुपयांखालच्या विक्रीला प्रत्येकी पावती न देण्याची मुभा आहे. बूट सहसा त्याच्या वर जातो. पण वर्षाला चाळीस लाखांखाली उलाढाल असलेल्या दुकानाला माल विक्रीसाठी नोंदणीच सक्तीची नाही, आणि तालुक्यातली बरीच दुकाने याच गटातली. तिथे साध्या चिठ्ठीवर आकडा मिळतो. तरीही दुकानाचा शिक्का, तारीख आणि मालाचे नाव असलेली चिठ्ठी किंवा मोबाइलवरून केलेल्या भरण्याची नोंद हा खरेदीचा पुरावा म्हणून आयोगापुढे ठेवता येतो. पक्के बिल नसले की हक्कच नाही, हा समज दुकानदारांपेक्षा पालकांनीच जास्त जपला आहे.

पुराव्याचे ओझे

खरी गाठ इथे आहे. रक्कम लहान आहे म्हणून प्रकरण हरत नाही. चंदीगडच्या जिल्हा मंचाने २०१९ मध्ये तीन रुपयांच्या कागदी पिशवीवरून बाटाच्या दुकानाविरुद्ध निकाल दिला आणि सारे मिळून सुमारे नऊ हजारांचा भुर्दंड बसवला. पण तिथे पिशवीचे तीन रुपये बिलावरच छापलेले होते. सिद्ध करायला काही उरले नव्हते. फाटक्या बुटाचे तसे नाही. बूट विकताना कच्चा होता हे तक्रारदाराने दाखवायचे, आणि त्याच्या हाती काही महिने मुलाने वापरलेला जोड.

कलम ३८ म्हणते की, योग्य तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोगाने नमुना सीलबंद करून मान्य प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि तिने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा. तपासणीचे शुल्क तक्रारदाराने आधी भरायचे. पादत्राणांच्या तपासणीत नाव घेतले जाते ते चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचे किंवा नोएडाच्या फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटचे. मुखेडच्या पालकाने चारशेच्या जोडासाठी त्याहून मोठी रक्कम भरून तो चेन्नईला पाठवावा, ही अपेक्षा कोणत्याही व्यवहारी माणसाला पटणार नाही. कायदा फुकट तक्रारीचे दार उघडतो आणि आत शिरल्यावर तपासणीचे तिकीट मागतो. शिवाय तपासणी लागली की तीन महिन्यांचे प्रकरण कायद्याच्याच हिशेबाने पाच महिन्यांचे होते. तोवर शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

यातून दोन वाटा सुचवल्या जातात. पहिली वाट अशी की प्रयोगशाळा दर वेळी लागतेच असे नाही. कलमाची अट ‘तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर’ अशी आहे. सुटलेला सोल, चिरलेला थर डोळ्यांना दिसतो. आयोग शपथपत्रांवर आणि कागदपत्रांवर निर्णय देऊ शकतो. मग अनुभवी गटई कामगाराचे, बूट पाहून दिलेले शपथपत्र का चालू नये? त्याच्याकडे पदवी नाही हा आक्षेप येईल, पण कसबाने मिळालेले ज्ञानही तज्ज्ञतेत बसते हे पुराव्याच्या कायद्यात जुने तत्त्व आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बूट फाटला हे दिसते, का फाटला हे दिसत नाही, आणि दोष ‘का’ मध्ये आहे. डोळ्यांनी पाहून दिलेले मत डिंकाच्या बाबतीत बरेचसे विश्वासार्ह, रेक्झिनच्या थराच्या बाबतीत कमी आणि पॉलियुरेथेनच्या बाबतीत पुन्हा विश्वासार्ह, असे मला वाटते. म्हणजे ही वाट काही प्रकरणांत चालेल, सगळ्यांत नाही.

दुसरी वाट कायदा बदलण्याची. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात समाधानकारक दर्जाच्या घटकांत टिकाऊपणा नाव घेऊन लिहिला आहे, आणि माल मिळाल्यापासून सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरून बदली किंवा दुरुस्तीची मागणी करता येते. नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात हे गृहीतक एक वर्षाचे आहे. आपल्या कायद्यात टिकाऊपणा शब्दाने येत नाही, तो ‘गृहीत दर्जा’तून ओढून काढावा लागतो, आणि ओझे उलटवणारे गृहीतकही नाही. भारतात असे गृहीतक आणले तर किमती चढतील आणि खोट्या तक्रारी वाढतील, हा व्यापाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. पण गृहीतक खोडता येते; घासलेले टोक दाखवून दुकानदार ते खोडू शकतो. मुदत शाळेच्या पहिल्या सत्रापुरती ठेवली तर ओझेही बेताचे राहील. किमतीबद्दल बोलायचे तर आज वर्षाला दोन जोड घेणारा पालक ती चढी किंमत भरतोच आहे, फक्त दोन हप्त्यांत.

या दोन्हींच्या मधून तिसरी गोष्ट आधीच येऊन बसली आहे, ती म्हणजे मानके. केंद्र सरकारने २०२० मध्ये पादत्राणांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले, ते अनेकदा पुढे ढकलले आणि सुधारित स्वरूपात १ ऑगस्ट २०२४ पासून लागू केले. आदेशात आलेल्या प्रकारांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले. सोलची झीज, वाकवण्याची सहनशक्ती, सोल आणि वरच्या भागाची पकड यांची मोजमापे अशा मानकांत असतात. याचा ग्राहक कायद्यावर होणारा परिणाम फारसा कोणी मांडत नाही: व्याख्येतला ‘कायद्याने राखायला हवा तो दर्जा’ आता या मालापुरता मोघम राहिलेला नाही. मानकाखाली यायला हवा असा बूट चिन्हाविना विकला असेल, तर तक्रारदाराला प्रयोगशाळेचा उंबरठा न ओलांडता उणीव दाखवता येईल, असा युक्तिवाद करता येतो. चिन्हाखालचा परवाना क्रमांक ब्यूरोच्या अॅपवर तपासता येतो. मर्यादाही उघड आहेत. छोट्या उत्पादकांना सवलती दिल्या गेल्या आणि तालुक्याच्या बाजारातला स्वस्त माल बहुधा त्यांच्याकडूनच येतो. या सवलतींमागे रोजगाराचे कारण आहे आणि ते खरे आहे. पण त्यामुळे मानकाचे संरक्षण महाग बूट घेणाऱ्याला मिळते आणि स्वस्त बूट घेणारा त्याच्या बाहेर राहतो.

एकट्याने लढण्याला पर्याय एकत्र येण्याचा. एकाच शाळेच्या चाळीस मुलांचे एकाच दुकानातले, एकाच बनावटीचे बूट एकाच पावसाळ्यात उघडले, तर ‘मुलाने नीट वापरला नाही’ हा बचाव जवळजवळ गळून पडतो. चाळीस मुले एकाच पद्धतीने सायकल थांबवत नाहीत. कलम ३५ मध्ये समान हितसंबंध असलेल्यांच्या वतीने तक्रारीची सोय आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या प्रकरणात काही ग्राहकांना मिळून संयुक्त तक्रारही करता येते हे स्पष्ट केले. चाळिसांत वाटल्यावर तपासणीचे शुल्कही परवडते. ही सर्वांत व्यवहार्य वाट आहे, आणि ती शाळेशिवाय चालत नाही.

शाळेची जागा

शाळा बूट ठरवते पण विकत नाही, किंवा विकत नाही असे म्हणते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने एप्रिल २०१७ च्या परिपत्रकात पुस्तके, गणवेश, बूट ठरावीक दुकानातूनच घ्यायला लावू नका असे शाळांना बजावले होते. तरी दुकानाचे नाव तोंडी सांगितले जाते. शिक्षण ही ग्राहक कायद्याखालची ‘सेवा’ आहे की नाही हा वाद अनेक निकालांतून वळणे घेत आला आहे, पण बुटाचा त्याच्याशी संबंध नाही; बूट म्हणजे शिक्षण नव्हे. शाळेने आवारात स्वतः विक्री केली तर ती विक्रेता ठरण्यात अडचण दिसत नाही. दुकान सुचवून बाजूला झाली तर जबाबदारी कुठवर, हे उघडे आहे. माझे मत असे की दोषाचा जाब शाळेला विचारण्यापेक्षा तिची सौदाशक्ती वापरणे जास्त फळ देईल. पाचशे जोडांचा शब्द टाकणारी संस्था दुकानदाराकडून ‘सहा महिन्यांत सोल सुटल्यास बदलून देऊ’ हे पावतीवर लिहून घेऊ शकते. असे लिहिले की तो विक्रेत्याचा दावा होतो, आणि दावा पाळला न जाणे हा दोष. पुराव्याचे निम्मे ओझे तिथेच उतरते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

यावर संस्थाचालक म्हणतील की असे लिहून घेतले तर दुकान सुचवल्याची कबुली होते. आक्षेप चतुर आहे. त्याला साधे उत्तर असे की दुकान सुचवू नये, बुटाचा दर्जा सुचवावा: अमुक प्रकारचा सोल, मानक चिन्ह, लेखी मुदत. मग पालक हवे तिथून घेईल. बाकी, लातूरसारख्या शहरात शाळांची बुटांवरची निष्ठा पाहून थोडे हसू येतेच. वैद्यकीय प्रवेशाच्या ज्या ‘नीट’ परीक्षेसाठी हे शहर ओळखले जाते, तिथे केंद्रावर बूट चालत नाहीत, चप्पल घालून जावे लागते.

फुकटचे बूट

आतापर्यंतची सगळी चर्चा विकत घेणाऱ्याबद्दल झाली. राज्य शासनाने २०२३-२४ पासून शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत गणवेशाबरोबर एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचे ठरवले. जुलै २०२३ च्या शासन निर्णयात त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले, आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. पायमोज्यांचे पैसे वजा केले की बुटाला उरते ते पाहून बाजारात कोणता माल येईल हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. योजनेच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे: अनवाणी येणाऱ्या मुलाला काहीतरी मिळते, पैसा स्थानिक समितीच्या हातात असतो, आणि मोठ्या केंद्रीय ठेक्यांत होणारा उशीर टळतो. गणवेश राज्यभर एकाच ठिकाणाहून पुरवण्याचा केंद्रीकृत प्रयोग शासनाला एका वर्षात मागे घ्यावा लागला, हे त्याच्याच पुष्टीला येते.

हक्काच्या दृष्टीने मात्र ही मुले कुठे उभी आहेत? ग्राहक म्हणजे मोबदला देऊन माल घेणारा. मुलाने किंवा त्याच्या पालकाने काही दिलेले नाही, म्हणून तो ग्राहक नाही, असे एक वाचन. ते प्रशासनाला सोयीचे आहे आणि वरवर बरोबरही दिसते. पण कलम २(७) पुढे म्हणते की, मोबदला देणाऱ्याच्या संमतीने माल वापरणाराही ग्राहकच. मोबदला समितीने दिला, बूट मुलाने तिच्या संमतीने वापरला. दुकानदाराच्या संदर्भात मूल ‘वापरणारा ग्राहक’ ठरायला शब्दांची आडकाठी दिसत नाही. समितीही पुनर्विक्रीसाठी किंवा धंद्यासाठी घेत नाही, आणि नोंदणी नसलेला व्यक्तिसमूहही कायद्याच्या ‘व्यक्ती’त बसतो. शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत, म्हणजे घेणारे आणि वापरणाऱ्यांचे आईबाप बरेचसे तेच. या वाचनाला आक्षेप असा की समिती शासनाचा पैसा खर्च करते, तिने खरेदीतली उणीव लेखापरीक्षणात मांडावी, ग्राहक आयोगात नव्हे. त्याला उत्तर हे की लेखापरीक्षण पैशाचा हिशेब पाहते; किनवटच्या तांड्यावरच्या मुलाला ऑगस्टमध्ये दुसरा जोड ते देऊ शकत नाही. बदली माल देण्याचा आदेश आयोगच काढू शकतो.

समिती तक्रार करील का, हा वेगळा प्रश्न. दुकानदार गावातला, मुख्याध्यापक सचिव, दर शासनाचा. १७० रुपयांत याहून चांगले मिळत नाही हे सर्वांना ठाऊक. इतक्या कमी दरात दोष कुठे संपतो आणि दर कुठे सुरू होतो हे आयोगालाही ठरवणे जड जाईल. खरेदीच्या आदेशात टिकण्याची मुदत आणि बदलीची अट घालायला मात्र आजच्या शासन निर्णयांत मज्जाव नाही. ती अट घातली तर कोणी त्या दरात माल द्यायला पुढे येईल का, यावरून दर पुरेसा आहे की नाही तेही कळून येईल.